प्राग : निनावी आणि सनाम

गेल्या शरदातले दोन दिवस आम्ही उभयतांनी प्रागमध्ये घालविले. काफ्काच्या ‘द ट्रायल’मध्ये या शहराचे नाव येत नाही; नायकाचे आडनावही ‘के.’ या आद्याक्षरापुरतेच उरते. या निनावीपणामुळे संहिता सार्वत्रिक होते, हे माझे मत शनिवारी पत्नीला ऐकवून झाले. (तिने ते पूर्वीही ऐकले होते.) रविवारी पिंकास सिनेगॉगमध्ये मात्र ती भिंतीपुढून हलेना. नाझींच्या संहारात बळी गेलेल्या बोहेमिया-मोराव्हियातील सुमारे ७८,००० ज्यूंची नावे तेथे हाताने लिहिलेली आहेत. १९६८ मध्ये वास्तू बंद झाल्यावर ती नाहीशी झाली. १९९२ ते १९९६ या काळात पुन्हा लिहिली गेली. काफ्का १९२४ मध्येच वारला. त्याच्या तिन्ही बहिणी या संहारात गेल्या.

“इथंही निनावीपणच श्रेष्ठ म्हणाल का?” तिने विचारले.

कादंबरीपुरते मी तेच म्हणेन. परंतु केवळ नावांचीच बनलेली संहिता कशी वाचावी, याविषयी आपल्या समीक्षेपाशी परिभाषा नाही. ती एकेक नाव वाचीत राहिली, गावागावांनुसार.