पाचवी 'ब'

पहिल्या दिवशी मी शाळेच्या फाटकापर्यंत गेलो आणि परत फिरलो. दुसऱ्या दिवशीही तेच. घरापासून पालिकेची ती शाळा जेमतेम 10 मिनिटांवर. परळमध्ये मला ओळखत नाही असा माणूस नाही. सकाळी 8 वाजता गुत्त्याच्या पायरीवर बसताना कधी वाटली नव्हती ती लाज त्या फाटकाशी वाटत होती.

पत्ता बायकोनं आणला होता. त्याआधी मी आठवडाभर इस्पितळात होतो. रोज पिणाऱ्यानं एकदम बंद केली की हात थरथरतात, झोप उडते, भास होतात, एखाद्याला फिट येते आणि जीवही जाऊ शकतो. म्हणून ते दिवस डॉक्टरांच्या नजरेखालीच काढायचे असतात, हे मला तिथं कळलं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "अंगातली उतरली. डोक्यातली उतरायला ए.ए.ला जा." अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस हे नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. बायको तोवर अल्-ॲनॉनच्या, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्या माणसांच्या सभेला जाऊन आली होती. तिथल्या एका बाईंनी चिठ्ठीवर शाळेचं नाव, वार आणि वेळ लिहून दिली.

तिसऱ्या खेपेला बायको सोबत आली. फाटकाशी थांबून म्हणाली, "मी इथंच उभी आहे. तुम्ही जाऊन या."

वर्ग पाचवी 'ब'चा. फळ्यावर दुपारची अपूर्णांकांची गणितं अर्धवट पुसलेली, लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेले 14 पुरुष. मला कुणी आडनाव विचारलं नाही, नोकरी विचारली नाही. हातात चहा दिला. मग साठीतला एक माणूस पुढे येऊन बसला. नाव सांगून म्हणाला, "मी बेवडा," आणि बोलू लागला. ड्राय डेच्या आदल्या दिवशी तो साठा कसा करायचा, एक क्वार्टर संडासाच्या टाकीत, एक तांदळाच्या डब्यात; आणि रात्री 9 वाजताच दोन्ही संपल्यावर त्याचं काय व्हायचं. माझ्याही घरी तांदळाचाच डबा होता. माझ्या डोक्यात चालायचं ते दुसऱ्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

तोवर मला सगळ्यांनी उपदेश केला होता. आईनं पंढरपूरला नेऊन गळ्यात माळ घातली, ती आषाढ संपायच्या आत मी खुंटीला अडकवली. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, ती दोन दिवस टिकली. या खोलीत कुणी शपथ मागितली नाही. आज रात्री झोपेपर्यंत पहिला पेग घ्यायचा नाही, एवढंच. उद्याचं उद्या.

सभा संपताना एक पिशवी फिरली. माझ्यापाशी आल्यावर शेजारचा हळूच म्हणाला, "नवीन माणसानं नाही टाकायचं." फी नाही, देणगी बाहेरच्यांकडून घ्यायची नाही, भाडं आणि चहा या पिशवीतूनच भागतो. पुढे जुन्या मित्रांकडून मूळ गोष्टही कळली. 1935 साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावात एक शेअर दलाल आणि एक सर्जन भेटले. दलालाची नुकतीच सुटली होती. पुन्हा प्यायची तलफ आली तेव्हा तो दुसरा पिणारा शोधत निघाला, कारण त्याच्याशी बोललं की आपण वाचतो हे त्याला उमगलं होतं. सर्जनला स्वतः डॉक्टर असून आपली सोडवता येत नव्हती. 1957 साली ही सभा मुंबईत पोहोचली.

चार महिन्यांनी पुतणीच्या हळदीला मी प्यायलो. तीन आठवडे तोंड लपवलं. परत गेलो तेव्हा बोलणी खायची तयारी होती. तो साठीतला माणूस बाकावर सरकला, म्हणाला, "ये, बस." न पिता काढलेल्या दिवसांची मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू झाली. मग 90 दिवसांत 90 सभा केल्या. मुंबईत ती सोय आहे. रोज संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या शाळेत, चर्चच्या हॉलमध्ये कुणीतरी बसलेलं असतं. सगळीकडे माझं जमलं असं नाही. एका ठिकाणी सगळं इंग्रजीत, मी मुका बसून आलो. एका ठिकाणी एकच जण अर्धा तास बोलला. एक समूह पटला नाही म्हणून सभाच सोडणारे मी पाहिले आहेत आणि त्यांतले दोघे आज नाहीत. चार ठिकाणी जाऊन बघावं. आणखी एक कळकळीनं सांगतो: सभेतल्या कुणाच्या सांगण्यावरून डॉक्टरांची गोळी बंद करू नका. सभा औषधाच्या जागी नाही. ज्यांना राहून उपचार हवेत त्यांच्यासाठी पुण्यात 1986 पासून मुक्तांगण आहे.

येत्या मार्चमध्ये मला 11 वर्षं होतील. छापील मजकुरात नाव द्यायचं नाही ही ए.ए.ची परंपरा, म्हणून या लेखाला नाव नाही. मंगळवारी खोली मीच उघडतो, थर्मास घरून नेतो. चहा अजून बायकोच करते.

तुमच्या घरी असं कुणी असेल, तर सभेचा पत्ता तुम्ही शोधा. नुसता हातात देऊ नका. पहिल्या दिवशी फाटकापर्यंत सोबत जा आणि तो बाहेर येईपर्यंत थांबा.