परत आलेल्या लेकी

आपल्या समाजात घटस्फोट फार वाढले, असे हल्ली कोणत्याही मंगलकार्यात दोन वयस्क माणसे शेजारी बसली की ऐकू येते. काही वर्षांपूर्वीपर्यंत आम्हीही त्या सुरात सूर मिसळीत होतो. पुढे आमच्याच लेकीवर तो प्रसंग आला आणि आमचा आवाज बसला.

तिने प्रथम सांगितले तेव्हा ‘जुळवून घे’ म्हणून आम्ही तिला परत पाठवले. असे एकदा नव्हे, तीनदा. सरकारी नोकरीत फायलीवर ‘पुन्हा सादर करावे’ असा शेरा मारण्याची सवय जडलेली. तोच शेरा आम्ही लेकीच्या दुःखावर मारला. चौथ्या वेळी ती म्हणाली, “बाबा, मला आत्याआजीसारखं राहायचं नाही.”

ही आमची आत्या. बडोद्यास दांडिया बाजारातील आमच्या जुन्या घरी, माजघरालगतच्या खोलीत तिने चव्वेचाळीस वर्षे काढली. १९४८ साली तिचे लग्न झाले. दोन वर्षांत यजमानांनी दुसरे घर केले आणि ती माहेरी आली. कुंकू ती अखेरपर्यंत लावी, वटपौर्णिमेला वडास सूतही गुंडाळी. मात्र हळदीकुंकवाचे बोलावणे तिला कोणी करीत नसे. घरात पापड-लोणची, बाळंतपणे, आजारपणे तिची. तिच्याविषयी कोणी विचारले की ‘आमच्याकडेच असते’ एवढेच उत्तर ठरलेले होते.

आजोबा गायकवाड सरकारच्या चाकरीतले. महाराजांचे नाव निघाले की हात जोडीत. सयाजीराव महाराजांनी बडोदे संस्थानात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९३१ सालीच केला होता. देशाला हिंदू विवाह कायदा मिळाला तो १९५५ साली, म्हणजे चोवीस वर्षांनी. आजोबांना महाराजांचा कायदा ठाऊक नसेल, हे संभवत नाही. पण तो आमच्या उंबऱ्याच्या आत आला नाही, आणि नंतरचाही नाही. आत्याचा संसार मोडलेलाच होता; कागदावर तो शाबूत राहिला, इतकेच.

२०११ च्या जनगणनेत देशात घटस्फोटित माणसे सुमारे साडेतेरा लाख आढळली, आणि घटस्फोटाविना विभक्त राहणारी त्यांच्या अडीचपटीहून अधिक. ते आकडे वाचताना आम्हांस माजघरालगतची ती खोली आठवली.

कायदा पुढे सुलभ झाला, हे खरेच. १९७६ च्या दुरुस्तीने परस्परसंमतीची वाट काढली. एकमेकांवर चिखल उडविल्यावाचून वेगळे होता येऊ लागले. २००५ साली वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. परंतु आमच्या मते मोठा फरक पगाराने केला. आत्याजवळ स्वतःचे म्हणून चार तोळे सोने होते, तेही धाकट्या काकांच्या शिक्षणात गेले. आमची लेक स्वतःच्या पगारात भाड्याचे घर घेऊन राहते. कोणाच्या माजघरात तिला जागा मागावी लागली नाही. मुलींनी शिकावे, नोकरी करावी म्हणून आपणच धडपडलो. शिकलेली मुलगी मग काय काय सोसणार नाही, याचा हिशेब मात्र त्या वेळी मांडला नाही.

तरुणांत धीर उरला नाही, या तक्रारीत तथ्य नाही असे नव्हे. वर्षाच्या आत क्षुल्लक कारणावरून मोडलेली लग्ने आम्हीही पाहिली आहेत. (मुलीच्या आईचे दिवसातून चार वेळा येणारे फोनही काही ठिकाणी त्यास कारण असतात, हे लिहिल्याबद्दल घरी बोलणी खावी लागतील.) पण पूर्वी धीर होता असे म्हणताना तो कोणाचा, हेही सांगावयास हवे. आत्याचे यजमान काही धीराचे गृहस्थ नव्हते.

अखेरच्या तारखेस आम्ही लेकीबरोबर न्यायालयात गेलो. काम थोड्या वेळात आटोपले. बाहेर पडताना जावई “येतो, बाबा” म्हणाले आणि आम्ही सवयीने “या” म्हणून गेलो.

त्यानंतर वर्षभर, गणेशोत्सवात कोणी विचारले की ‘जावयांची बदली झाली आहे’ असे आम्ही सांगत राहिलो. आजोबांपेक्षा आम्ही निराळे काय केले?

गेल्या चैत्रात आमच्या पत्नीने हळदीकुंकवाला लेकीला मुद्दाम बोलावून घेतले आणि पन्हे-डाळ द्यावयास तिलाच पुढे केले. तिला कुंकू लावताना दोघीतिघींचा हात अडखळला. शेजारच्या ऐंशी वर्षांच्या काकूंनी मात्र लावले, आणि डाळीत मीठ कमी पडले आहे असे सांगितले.