भिशीच्या पैशातला बेस

आमच्या थोरल्याने २०१९ साली बेस गिटार आणि जुना शंभर वॉटचा अॅम्प्लिफायर घेतला, तो माझ्या भिशीच्या पैशातून. त्या वर्षी घराला रंग लावायचा राहिला. अजून राहिलाच आहे!

दोनच महिन्यांत एका हळदीच्या कार्यक्रमात स्पीकर जळाला. ढोलकी, ऑक्टोपॅड, की-बोर्ड यांच्यात बेस ऐकू येईना, म्हणून पोराने हाताला लागेल ते बटण शेवटपर्यंत फिरवले. आधी आवाज फाटला, मग जळका वास आला आणि सारे थंड.

मी खूप चिडले. पण दुरुस्तीला त्याच्याबरोबर गेले. पैसा माझा होता, कारण मलाही कळायला हवे होते.

मिस्त्रीकाका म्हणाले, "ताई, गेन म्हणजे टाकीत पाणी किती घ्यायचे आणि मास्टर म्हणजे खालचा नळ किती उघडायचा. टाकीच उतू गेली तर नळ बारीक करून काय उपयोग?" भगिनींनो, पाण्याची गोष्ट काढली आणि मला चटकन समजले.

मग त्यांनी पोराला करून दाखवले. मास्टर शून्यावर ठेवायचा. सर्वांत जाड तार कार्यक्रमात मारतो तेवढ्याच जोराने मारायची. घरातल्यासारखी हळू नाही, कारण मंडपात हात आपोआप जड होतो. लाल दिवा लुकलुकेपर्यंत गेन वाढवायचा आणि जरा मागे घ्यायचा. मास्टर त्यानंतर. बॅटरीवाल्या गिटारचा सिग्नल मुळातच जोरकस, तिथे गेन आणखी कमी लागतो.

पोरगा म्हणाला, "दोनशे वॉटचा घेऊ का?" काका हसले. वॉट दुप्पट केले तरी आवाज तीनच डेसिबलने वाढतो, दुप्पट होत नाही. ती जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. त्यात बेसचे बटण पूर्ण फिरवले की स्पीकरवर फार ताण येतो. त्यापेक्षा बेस थोडा उतरव, मिड चढव, म्हणजे गर्दीतही ऐकू येशील, असे त्यांनी सांगितले. माझे दोनशे वॉटचे पैसे वाचले.

आता कार्यक्रमाआधी मी मंडपाच्या शेवटच्या रांगेत उभी राहते. ऐकू आले नाही तर हात वर करते, तो मास्टर किंचित वाढवतो. गेनला मात्र हात लावायचा नाही, हे आमचे ठरलेले.