फितीच्या पलीकडे

साहित्याच्या वर्गात खेळाडू विद्यार्थी बहुधा मागच्या बाकावर असतो. पहाटेच्या सरावाहून थेट आलेला, हजेरीपुरता. अशा मुलांपैकी काहींनी मला एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला आहे: मैदान सुटल्यावर काय? ह्या प्रश्नापाशी आले, की मी एरिक लिडलच्या चरित्राकडे वळते.

लिडल आपल्याकडे ठाऊक आहे तो मुख्यतः १९८१ च्या 'चॅरियट्स ऑफ फायर' ह्या चित्रपटामुळे. १९०२ साली चीनमधील तिएनत्सिन येथे मिशनरी आईवडिलांच्या पोटी जन्मलेला हा स्कॉटिश तरुण एडिंबरा विद्यापीठात विज्ञान शिकत होता. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी आल्या. रविवार हा ईश्वराचा दिवस, म्हणून त्याने ती शर्यत सोडली आणि ११ जुलैला चारशे मीटरची अंतिम शर्यत ४७.६ सेकंदांत जिंकली. चित्रपटात वेळापत्रकाची बातमी त्याला जहाजावर चढताना कळते. वस्तुतः ती काही महिने आधीच कळली होती, आणि मधल्या काळात तो चारशे मीटरचा सराव करीत होता. नाट्याला क्षण हवा असतो. श्रद्धेचे काम संथपणे चालते.

हे मराठीच्या विद्यार्थ्याला नवे वाटू नये. 'स्मृतिचित्रे' आपण वाचलेली असतात. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधल्या वर्षांत त्यांचे खरे भांडण स्वतःच्याच सोवळ्याओवळ्याशी होते. धर्मांतराची तारीख नोंदवहीत सापडते, मनाच्या वळणाची सापडत नाही.

लिडलच्या आयुष्यातले वळणही सुवर्णपदकानंतर स्पष्ट होते. ऑलिंपिकनंतर काही दिवसांतच त्याला पदवी मिळाली. त्यानंतर त्याने एडिंबरातल्याच स्कॉटिश काँग्रिगेशनल कॉलेजात धर्मशास्त्राचा अभ्यास सुरू केला. स्टेडियमभर टाळ्या ऐकलेला हा तरुण तिथे भावी पाळकांच्या शेजारी बसला. १९२५ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, म्हणजे पायांत वेग शिल्लक असतानाच, तो चीनला परतला आणि तिएनत्सिनच्या अँग्लो-चायनीज कॉलेजात मुलांना विज्ञान आणि खेळ शिकवू लागला. चित्रपटाच्या शेवटी हे सारे पडद्यावरच्या ओझरत्या मजकुरात उरकते.

मला मात्र सर्वांत मोलाचा वाटतो तो त्यानंतरचा एक प्रसंग. महायुद्धात, १९४३ साली, जपान्यांनी त्याला इतर परदेशी नागरिकांसह वेइशिएनच्या छावणीत डांबले. पत्नी आणि मुली १९४१ मध्येच कॅनडाला गेल्या होत्या. धाकटी तिथे जन्मली, तिला त्याने कधी पाहिले नाही. छावणीत आईवडिलांपासून तुटलेली पुष्कळ मुले होती. त्यांच्यासाठी तो खेळ भरवी, पण रविवारी नाही. एका रविवारी काही मुलांनी आपल्याच हट्टाने हॉकी खेळायला घेतली आणि पंच नसल्याने खेळाचे पर्यवसान मारामारीत झाले. पुढच्या रविवारी लिडल स्वतः पंच म्हणून मैदानात उभा राहिला.

ज्या रविवारासाठी त्याने जगातली सर्वांत मानाची शर्यत सोडली, तोच रविवार त्याने भांडणाऱ्या मुलांसाठी मोडला. ह्यात विसंगती शोधणारे शोधोत. मला तर पॅरिस आणि वेइशिएन ही एकाच वाक्याची दोन पदे वाटतात. स्वतःच्या लाभाचा प्रश्न होता तेव्हा नियम कडक होता. दुसऱ्याच्या गरजेपुढे तोच नियम वाकला. श्रद्धा नुसत्या पाठांतराची असती, तर दुसरी कृती त्याला जमली नसती. आणि नुसत्या सोयीची असती, तर पहिली.

२१ फेब्रुवारी १९४५ रोजी मेंदूतील गाठीमुळे तो त्याच छावणीत वारला. वय त्रेचाळीस.

मैदान सुटल्यावर काय, असे विचारणाऱ्या मुलांना धर्मोपदेश करण्याचा मला अधिकार नाही, आणि तशी इच्छाही नाही. मी एवढेच सांगते, की लिडलचे मैदान सुटले नाही. आपण कोणासाठी धावतो, हे त्याला फितीच्या पलीकडे गेल्यावर अधिक नेमके कळले.