रिकाम्या खुर्चीचा जमाखर्च

विद्यापीठातली नोकरकपात म्हटलं की नोटिसा, गेटवरच्या घोषणा आणि कोर्टाच्या तारखा डोळ्यांपुढे येतात. महाराष्ट्रातल्या जिल्ह्याच्या गावी असलेल्या विद्यापीठांत यातलं सहसा काहीच होत नाही. दरवर्षी माणसं निवृत्त होतात, शाल-श्रीफळ होतं, आणि खुर्ची तशीच राहते. माझी सगळी नोकरी अशाच एका विद्यापीठाच्या वित्त विभागात झाली. अंदाजपत्रकं बांधली, लेखापरीक्षणाच्या आक्षेपांना उत्तरं दिली. काटकसरीशी माझं वैर नाही; पैसा वाचवणं हेच तर काम होतं. तरीही सांगतो, पद रिकामं ठेवून केलेली कपात हिशेबाच्या कसोटीवरही टिकत नाही.

आधी पैसा कुठून कुठे जातो ते पाहू. मंजूर पदावरच्या शिक्षकाचा पगार राज्य सरकारच्या वेतन अनुदानातून येतो. शिक्षक निवृत्त झाला की तेवढं अनुदान थांबतं, वर्ग मात्र थांबत नाहीत. मग कंत्राटी किंवा तासिका तत्त्वावरचा शिक्षक घ्यायचा आणि त्याचं मानधन विद्यापीठाने स्वनिधीतून द्यायचं. हा स्वनिधी प्रामुख्याने परीक्षा शुल्कातून आणि संलग्न महाविद्यालयांच्या शुल्कातून उभा राहतो. म्हणजे बचत सरकारी तिजोरीची आणि बोजा तालुक्याच्या कॉलेजात बी.ए. करणाऱ्या मुलीच्या परीक्षा फॉर्मवर. त्यात आता मोठी कॉलेजं स्वायत्त होऊन आपल्या परीक्षा आपणच घेऊ लागली आहेत. तेही उत्पन्न आटत चाललं.

मग जागा भरत का नाहीत? कार्यभार तपासा, आरक्षणाची बिंदुनामावली मागासवर्ग कक्षाकडून प्रमाणित करून आणा, उच्च शिक्षण विभागाची परवानगी घ्या, वित्त विभागाची मान्यता मिळवा, मग जाहिरात, मग निवड समिती. मध्ये एखादा नियम बदलला की फाईल पुन्हा पहिल्या टेबलावर. ४ मे २०२० रोजी राज्याच्या वित्त विभागाने कोविडमुळे खर्च अंदाजपत्रकाच्या ३३ टक्क्यांवर आणला आणि नवी भरती थांबवली. संकटच तसं होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पुढे परवानग्याही आल्या, पण टप्प्याटप्प्याने आणि रिक्त पदांपैकी काहींनाच. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो, ते इथे अक्षरशः खरं ठरलं.

खर्च कसा लपतो त्याचा एक नमुना देतो. रसायनशास्त्र विभागात केंद्राच्या योजनेतून घेतलेलं एक महागडं यंत्र होतं. ते चालवणारा तंत्रज्ञ निवृत्त झाला, पद भरलं गेलं नाही. पुढे विभागाने देखभाल करारासाठी पैसे मागितले तेव्हा ‘यंत्र वापरात नाही’ असा शेरा पडून मागणी परत गेली. वापरात का नाही, हे टिपणीवर कुणी विचारलं नाही. इकडे घसारा लागून यंत्राची किंमत उतरत राहिली आणि तिकडे नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासून घेण्याचं बिल दुसऱ्याच लेखाशीर्षाखाली चढत राहिलं. वेतनाच्या पानावर मात्र बचत दिसत होती.

संशोधनाचं नुकसान तर कुठल्याच पानावर दिसत नाही. यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार पीएच.डी. विद्यार्थी घेता येतात, तेही तो पूर्णवेळ नियमित शिक्षक असेल तरच. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरला की नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणजे एका प्राध्यापकाचं पद रिकामं राहिलं की संशोधनाच्या आठ जागा गेल्या, आणि त्यांची गळती खुर्ची रिकामी होण्याच्या तीन वर्षं आधीच सुरू झालेली असते.

उघड कपातीचं काय होतं तेही पाहा. जून २०२४मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने तुळजापूरसह आपल्या चारही संकुलांतल्या शंभरावर कंत्राटी शिक्षक-कर्मचाऱ्यांना नोकरी संपल्याची पत्रं दिली. त्यांचे पगार एका न्यासाच्या निधीवर होते आणि तो निधी पुढे चालू राहील की नाही याची खात्री नव्हती. ओरड झाली, न्यासाने निधीची हमी दिली आणि दोन दिवसांत पत्रं मागे घेतली गेली. पत्र निघालं म्हणून ते परत घ्या असं म्हणता तरी आलं. आमच्याकडे पत्रच निघत नाही, तर विरोध कशाला करणार?

‘मुलंच येत नाहीत, मग शिक्षक कशाला?’ हा प्रश्न मी बैठकांमधून पुष्कळ ऐकला. काही अभ्यासक्रमांबाबत तो रास्तही आहे. पण क्रम नीट पाहा. आधी शिक्षक जातो, मग विषय नीट शिकवला जात नाही, मग प्रवेश घटतात, मग कार्यभार कमी भरतो, आणि शेवटी त्याच आधारावर पद अनावश्यक ठरतं. कुठला विषय बंद करायचा ते विद्वत्सभेने चर्चा करून ठरवावं. सध्या ते निवृत्तीची तारीख ठरवते. शिवाय ही विद्यापीठं कशासाठी निघाली तेही आठवावं. मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली सुरू झालं तेव्हा महाराष्ट्र राज्यही झालं नव्हतं. कोल्हापूरचं १९६२चं, गडचिरोलीचं २०११चं. यातलं एकही फायदा होईल म्हणून काढलेलं नाही. मुंबई-पुण्याला राहणं न परवडणाऱ्या मुलांना घराजवळ शिकता यावं, यासाठी ती निघाली.

माझ्या मागण्या हिशेबनीसाच्याच आहेत. रिक्त पदाच्या वेतनाची रक्कम पद भरेपर्यंत त्या विद्यापीठाकडेच राहू द्या. निवृत्तीची तारीख माणूस रुजू होतो त्या दिवशीच कळलेली असते, तेव्हा भरतीची फाईल वर्षभर आधी हलवा. आणि अंदाजपत्रकाला विभागवार रिक्त पदांचं विवरणपत्र जोडा: पद कधीपासून रिकामं, काम कोण करतं, त्याला किती देतो, कुठल्या निधीतून देतो.

या शेवटच्या गोष्टीसाठी मंत्रालयाची परवानगीही लागत नाही. अधिसभेच्या अंदाजपत्रकाच्या बैठकीत एका सदस्याने उभं राहून ते विवरणपत्र मागितलं, तरी सुरुवात होते. मागणी आणि तिचं उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या. नुसती चर्चा फाईलबंद होते. नोंदवलेल्या उत्तराचा मात्र पुढच्या वर्षी जाब मागता येतो.