माळ्यावरचे रुमाल

गेल्या वैशाखात चोपड्याच्या आमच्या जुन्या घराची डागडुजी काढली. पावसाळ्यापूर्वी धाब्यावर माती टाकून घ्यावी एवढाच बेत होता. पण जुन्या घराला हात लावला की ते एका जागी थांबत नाही. माळा रिकामा करावा लागला, आणि गंजलेल्या कंदिलांच्या मागून दोन रुमाल निघाले. रुमाल म्हणजे खिशातला नव्हे. जुनी कागदपत्रे चौकोनी फडक्यात घट्ट बांधून ठेवीत, त्या गठडीलाही रुमालच म्हणतात.

मी जळगावहून घरी पोहोचलो तेव्हा त्यांतला एकच उरला होता.

"अरे, कसर लागली होती," आत्या म्हणाली. "लिहिलेला कागद काय रद्दीत घालायचा? तापीमाईच्या स्वाधीन केला."

आत्याचे वय ब्याऐंशी. तिला बोलण्याची माझी प्राज्ञा नव्हती. आणि खरे सांगायचे तर तिने काही वावगे केले नव्हते. जीर्ण पोथी नदीला द्यावी ही आपल्याकडची रीतच आहे. तिने तो कागद मानानेच बोळवला होता. उरलेला रुमाल मी सोडून पाहिला. आत बोरूने लिहिलेली मोडी! मराठी घेऊन एम्. ए. झालेला, वीस वर्षे मराठी शिकवणारा मी त्या ओळींकडे परक्या मुलखातल्यासारखा पाहत राहिलो. मोडीत आधी एक लांब रेघ ओढतात आणि मग अक्षरे तिला न थांबता टांगीत जातात. शब्द कोठे सुटतो तेही कळेना. 'श्री' तेवढा ओळखला.

"धुळ्याला राजवाडे मंडळाकडे देऊन येतो," मी म्हणालो.

आत्या थोडा वेळ गप्प राहिली. "आपल्या घरी सावकारी होती. कुणाचं काय गहाण पडलं ते त्यात असेल. माणसं गेली. आता त्यांची लाज कशाला उघडी करतोस?"

"त्यांची की आपली?" मी बोलून गेलो, आणि जीभ चावली.

रुमाल तसाच तीन महिने पडून राहिला. श्रावणात एके दिवशी तिनेच विचारले, "गेला नाहीस अजून?" एवढीच तिची परवानगी. वर एक अट : पावतीवर तिचे नाव नको.

चोपड्याहून अमळनेरमार्गे धुळे हा रस्ता काही प्रेक्षणीय म्हणून प्रसिद्ध नाही. परंतु श्रावणात तो पाहावा. दोन्ही अंगांना गुडघ्याएवढी कपाशी आणि काळ्या मातीचा ओला वास. तापीच्या पुलावर गाडी आली तेव्हा मी उगीचच खिडकीतून वाकून पाहिले. गढूळ पाणी दुथडी भरून चालले होते. अमळनेरला शेजारी एक म्हातारबाबा येऊन बसले. माझ्या मांडीवरच्या गठडीकडे बोट दाखवून त्यांनी विचारले, "गठुडामा काय शे भाऊ?" जुने कागद, म्हणालो. त्यांनी समजूतदारपणे मान हलवली. जुने कागद घेऊन धुळ्याला जाणारा माणूस त्यांच्या लेखी कोर्टातच निघालेला असणार!

धुळे पाहिले की प्रथम नजरेत भरतात त्या जुन्या वस्तीतल्या सरळ, एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या गल्ल्या. १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर खानदेशचा पहिला कलेक्टर म्हणून आलेल्या कॅप्टन ब्रिग्जने पांझरेकाठी हे ठाणे वसवले. गल्ल्यांना नावांऐवजी नंबर आहेत. नवख्या माणसाची त्याने सोय होते, कवीची मात्र पंचाईत. १९३२ साली येथल्याच तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने केली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. याच गुरुजींनी राजवाड्यांचे चरित्रही लिहिले.

आता राजवाड्यांविषयी. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे हे नाव घेतले की पुणे आठवते आणि ते बरोबरही आहे. १९१० साली त्यांनी तेथे भारत इतिहास संशोधक मंडळ काढले. परंतु या माणसाचे कोणाशी फार दिवस पटावे असे त्याच्या पत्रिकेतच नव्हते. अखेरच्या काळात ते धुळ्यास आले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी येथेच वारले. पत्नी तरुणपणीच गेलेली, स्वयंपाक आपल्या हाताने करायचा, लिहायचे ते मराठीतच, आणि पाठीशी संस्थानिक ना सरकार. अशा स्थितीत त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाने बावीस खंड काढले. १८९८ चा पहिला खंड वाईच्या एका घरात सापडलेल्या पानिपतकालीन पत्रांचा. गावोगाव हिंडावे, लोकांचे माळे धुंडाळावेत, कोणी दारातून परत लावले तर पुन्हा जावे. ऐकीव बखरीपेक्षा अस्सल कागद मोठा, हा त्यांचा आग्रह. आज तो सर्वांना पटतो. तेव्हा तो त्यांना भांडून पटवावा लागला.

त्यांच्या मागे १९२७ साली धुळेकरांनी हे संशोधन मंडळ उभे केले. भास्कर वामन भटांसारखी मंडळी पुढे होती. १९३२ पासून 'संशोधक' हे त्रैमासिक निघाले. राजवाड्यांनी जमवून ठेवलेल्या सामग्रीतून धातुकोश आणि व्युत्पत्तिकोश बाहेर पडले. आणि शतक संपता संपता मु. ब. शहा यांच्या संपादनाखाली त्यांचे समग्र साहित्य तेरा खंडांत याच मंडळाने छापले. एका जिल्ह्याच्या गावी हे घडले याचे मला जास्त कौतुक आहे. पुण्या-मुंबईस संस्था काढणे सोपे. तेथे निदान भांडायला पुरेशी माणसे मिळतात!

हस्तलिखिते, मोडी दप्तरे, नाणी, जुनी शिल्पे असा सारा संसार तेथे आहे. पण माझे लक्ष माझ्या गठडीवर. मोडी वाचणारे एक वयस्क गृहस्थ भेटले. त्यांनी गाठ सोडली, पाने हलक्या हाताने झटकली आणि आम्ही दिवाळी अंक चाळावा तितक्या सहज वाचू लागले. वाणसामानाची यादी. कोणाच्या लग्नातला आहेर. पोटदुखीवर काढा. कापसाच्या वजनाचे टाचण. मी थोडा हिरमुसलो. "पानिपत नाही निघालं यातून," मी म्हणालो.

"सर, पानिपतावर पुष्कळ आहे," ते म्हणाले. "चोपड्याला कापूस काय भावानं गेला, ते कुठे आहे?"

मग खतावणीची पाने आली. एका पानावर ते थांबले. शके १८२१. म्हणजे १८९९ साल, छप्पनच्या दुष्काळाचे. एका कुणब्याच्या नावावर बैलजोडी एक, पितळी घागर एक, मुलाच्या वाळ्या दोन, सगळे गहाण. त्याचे नाव मी येथे देत नाही. त्या आडनावाचा एक मुलगा माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसतो.

१८७५ साली पुणे-नगरकडच्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चालून जाऊन कर्जरोखे जाळले, हे मी पुस्तकात वाचले होते. वाचताना मी मनाने नेहमी जाळणाऱ्यांच्या बाजूचा असे. तो रोखा आपल्या आजोबांच्या वडिलांच्या घरचा असू शकतो, हे कधी मनात आले नव्हते.

"पुढे काय झालं? सुटलं का ते?"

त्यांनी पान उलटले. "मजकूर पुढच्या पानावर गेलाय. ते पान यात नाही."

परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून समर्थ वाग्देवता मंदिरात गेलो. नानासाहेब देवांनी १८९३ साली सत्कार्योत्तेजक सभा काढली आणि पुढे मठामठांतून रामदासी वाङ्मय गोळा केले. डोमगावच्या कल्याणस्वामींच्या प्रतीवरून १९०५ साली दासबोध छापला. समर्थांनी स्वतःच्या हाताने उतरून काढलेली वाल्मीकिरामायणाची पोथी या संस्थेने जपली आहे. पोथ्यांच्या शेवटी लेखक विनवीत असत : तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून आणि मूर्खाच्या हातापासून मला राख. एरवी मी हे वर्गात हसत सांगतो. त्या दिवशी पाण्याचा उल्लेख तेवढा टोचला.

रात्री घरी पोहोचलो तो आत्या जागी होती. तिला सगळे सांगितले, घागरीचेसुद्धा.

"परत दिली का रे त्याला?"

"पुढचं पान नाही, आत्या. कदाचित पहिल्या रुमालात असेल."

ती काही बोलली नाही. सकाळी चहाच्या वेळी तिने आपल्या खाटेखालची पत्र्याची पेटी ओढायला लावली. आत लुगड्यांच्या खाली आणखी एक लहान रुमाल होता, वेखंडाचे तुकडे घालून नीट बांधलेला.

"हा मी मागे ठेवला होता. सासरे म्हणायचे, हा हलवू नका. घेऊन जा, पण वाचून झालं की आधी मला सांग."

तो रुमाल आता माझ्या टेबलावर आहे. दिवाळीची सुटी लागली की धुळ्याची गाडी धरायची. तोवर रोज रात्री मोडीची बाराखडी गिरवतो आहे. 'क'पाशी अजून हात अडतो.