बजावणी कोणाच्या हाती?

सातारा जिल्ह्यातील ज्या तालुका न्यायालयात मी वकिली करतो, तेथे अलीकडे माझ्याकडे आलेल्या जमीन व विहीर यांच्या वाटपाच्या एका दाव्यात प्रतिवादी दोन होते: मुंबईस नोकरीला असलेला वादीचा चुलतभाऊ आणि पतिनिधनानंतर माहेरी येऊन राहिलेली वादीची वृद्ध आत्या. चुलतभावाचे समन्स ‘घर बंद’ या शेऱ्यानिशी पुनःपुन्हा परत येई, नाझर शाखेत तेच कागद नव्याने भरावे लागत, आणि पडणाऱ्या तारखांनी जेरीस आलेल्या माझ्या पक्षकाराने अखेर आग्रह धरला, “वकीलसाहेब, दोघांनाही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून द्या.”

मागणी सर्वस्वी गैर नव्हती. नोटीस पोचली असून सोबतचे कागदही उघडले गेले, हे व्हॉट्सअ‍ॅपवरील खुणांवरून दिसते म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली एका दरखास्तीत अशी बजावणी ग्राह्य धरली होती. करोनाच्या काळात, १० जुलै २०२० रोजी, सर्वोच्च न्यायालयानेही ई-मेल व तत्सम साधनांस मुभा दिली. तथापि पोलिसांनी हजर राहण्याविषयीची नोटीस मात्र व्हॉट्सअ‍ॅपवरून बजावू नये, असे त्याच न्यायालयाने २०२५ साली फर्माविले, कारण ती न पाळणाऱ्यावर अटकेचा प्रसंग येऊ शकतो.

चुलतभावापुरता माझ्या मनात किंतु उरला नाही. ज्या क्रमांकावरून त्याने याच जमिनीच्या मोजणीच्या खर्चाविषयी वादीशी हुज्जत घातली होती, तो क्रमांक त्याचाच आहे हे त्या मजकुरावरून उघड होते; सबब ते संदेश, प्रमाणपत्र आणि शपथपत्र जोडून मी अर्ज दिला व तो मंजूर झाला.

आत्याबाईंचा फोन कोण उचलतो, असे मात्र मी पक्षकारास मुद्दाम विचारले. “तो आमच्या पोराकडंच असतो, तिला कुठं वाचता येतं?” असे तो अगदी सहज सांगून गेला. म्हणजे जी निळी खूण दाखवून मी न्यायालयास प्रतिवादीस दावा कळल्याची ग्वाही देणार, ती खूण वादीच्याच घरात उमटणार होती! अशा बजावणीवर मिळालेला एकतर्फी हुकूमनामा पुढे रद्द होऊ शकतो ही गोष्ट वेगळीच. पण तो कायम राहिला असता तर ज्या स्त्रीचा हिस्सा ठरावयाचा तिलाच दाव्याची वार्ता नसताना तो ठरला असता, आणि हे मला अधिक भयंकर वाटते. मी पक्षकारास स्पष्ट नकार दिला व बेलिफाकडूनच बजावणी मागितली. त्याने ओसरीवर बसून दाव्याची नक्कल बाईंना वाचून दाखवली, तारीख दोनदा सांगितली आणि पोचपावतीवर त्यांचा अंगठा घेतला.

आत्याबाईंनी वकील दिला आहे. विहीर सामाईक नसून आपल्या वडिलांनी ती आपल्या नावे करून दिली होती, असे त्यांचे कैफियतीत म्हणणे आहे, आणि त्या मुद्द्यावर आता पुरावा चालू आहे.